अकारविल्हे

'अकारविल्हे' हा शब्द अलीकडे कानावर येईनासा झाला आहे. १९८२ साली मी बँकेत लागले तेव्हा शाखेतले जुने अकाउंटंट तो सर्रास वापरत. 'ठेवीदारांची यादी अकारविल्हे लावून द्या' असे त्यांनी सांगितले की माझ्याबरोबर लागलेली मुले-मुली एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. एकाला तर ते एखाद्या गावाचे नाव वाटले होते. मला तो शब्द ठाऊक होता, आणि नुसत्या अर्थाने नव्हे, हातांना ठाऊक होता. अ, आ, इ, ई या क्रमाने कागद लावत जायचे, अक्षर बदलले की मधे बोट घालून ठेवायचे, आणि क्ष व ज्ञ यांचे काय करायचे हे आधीच ठरवून घ्यायचे, नाहीतर निम्म्या वाटेत भांडण होते, हे सारे मी वयाच्या चौदाव्या वर्षी शिकले होते. मराठीच्या तासाला नव्हे. शाळेच्या ग्रंथालयात.

शाळा साताऱ्याची आणि साल १९७५. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे नववीत गेलेल्या आम्हा मुलांकडे सगळे शिक्षक जरा काळजीनेच बघत. ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेला लागून असलेली एक लांबट खोली. तिला पुस्तकांपेक्षा गंधकाचाच वास अधिक येई. काचेच्या दारांची नऊ कपाटे, चारेक हजार पुस्तके, एक लांब टेबल, आणि ग्रंथपाल. तेही अर्धवेळ. 'अर्धवेळ ग्रंथपाल' हे पद आपल्या शाळांत चांगले मुरलेले आहे. पटावरची संख्या पुरेशी नसली की पूर्णवेळ माणूस मंजूर होत नाही. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा. पुस्तके काही अर्धी होत नाहीत. आमच्या सरांनी त्यावर तोड काढली होती. दर जूनमध्ये नववीतली सहा मुले ते स्वतः निवडत. मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यावरचा अर्धा तास, एवढा वेळ द्यायचा. गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही. मिळायचे ते एवढेच की इतरांना एक पुस्तक घरी नेता येई, आम्हांला दोन.

निवड कशी करत ते मला अजून कळलेले नाही. पहिल्या नंबरची मुले त्यांनी कधी घेतली नाहीत. आमच्या सहांत एक मुलगा तर असा होता की त्याने स्वतःहून कधी पुस्तक उघडले नव्हते. पण त्याच्या वडिलांचे किराणा दुकान होते आणि कुठला डबा कुठे आहे हे तो डोळे मिटून सांगू शके. माझ्यापुरते बोलायचे तर शाळा सुटल्यावर मैदान मुलांचे असे. मुलींनी सरळ घरी जायचे. 'लायब्ररीत थांबते' हे एकच कारण आमच्या घरी चालत असे, आणि मी ते दोन वर्षे वापरले.

पहिला महिनाभर सरांनी आम्हांला देवघेवीच्या टेबलाजवळ फिरकूही दिले नाही. हात धुवायचे, कोरडे करायचे आणि कपाटे पुसायची. पुस्तक खणातून कसे काढायचे यावर त्यांनी चांगली वीस मिनिटे घालवली. आपण सगळे काय करतो, कण्याच्या वरच्या टोकात बोट अडकवून पुस्तक ओढतो. शंभर वेळा असे ओढले की ते टोक फाटते आणि मग सगळी बांधणी उलगडत जाते. शेजारची दोन पुस्तके किंचित आत ढकलायची, मधले आपोआप पुढे उरते, मग ते कमरेत धरून उचलायचे. 'माणसाला कोणी कान धरून उठवतं का?' असे सर विचारत. त्या काळात शाळेत माणसाला कान धरून उठवण्याचीच पद्धत होती, त्यामुळे आम्ही गप्प बसत असू.

नवे कोरे पुस्तक उघडण्याचीही रीत होती. कणा टेबलावर टेकवून पुस्तक उभे धरायचे, आधी पुढचा पुठ्ठा खाली, मग मागचा, मग पुढची पाच-दहा पाने, मग मागची पाच-दहा, असे करत मध्यापर्यंत यायचे. एकदम मधोमध उघडून दाबले की कणा मोडलाच म्हणून समजा. फाटलेली पाने चिकटवायला खळ आम्हीच करत असू: मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणून ते घालण्याचे काम सरांचे. नुसत्या मैद्याच्या खळीवर कसर आणि झुरळे तुटून पडतात. म्हणजे पुस्तक दुरुस्त करायला जावे आणि किड्यांना जेवण वाढून ठेवावे असा प्रकार. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे कपाटात ठेवण्याचे काम मुलींकडे होते. डांबराच्या गोळ्या सरांना चालत नसत. त्यांच्या मते त्या गोळ्यांनी कसरीआधी वाचकच पळून जातो.

मग आली दाखल-नोंदवही. ही वही म्हणजे ग्रंथालयाचा जन्म-मृत्यूचा दाखला. प्रत्येक पुस्तकाला आल्या क्रमाने एक क्रमांक: लेखक, नाव, प्रकाशक, साल, पाने, किंमत, कोणाकडून आले आणि शेवटचा रकाना 'शेरा'. तो रकाना बहुधा कोरा असे. पुस्तक फाटून बाद झाले किंवा हरवले तरच त्यात काही लिहायचे. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. पुढे बँकेत खातेक्रमांकांचे नियम शिकवायला एक प्रशिक्षक आले तेव्हा मला मनातून हसू येत होते. तो क्रमांक पुस्तकावर तीन ठिकाणी घालायचा: पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि गुप्त पानावर. प्रत्येक ग्रंथालयाचे एक गुप्त पान असते. पुस्तक कोणतेही असो, त्या ठरावीक पानावर शिक्का आणि क्रमांक असतोच. पहिले-शेवटचे पान फाडून कोणी पुस्तक लांबवले तरी ते पान त्याला ठाऊक नसते. आमच्या शाळेचे गुप्त पान कोणते हे मी इथे लिहिणार नाही. रद्दीवाल्याकडे जुन्या पुस्तकांचा ढीग दिसला की आजही मी आधी ते पान उघडते. दोनदा शिक्का सापडला आहे.

अकारविल्हेची खरी परीक्षा तालिकापत्रांत. पाच इंच बाय तीन इंचाची जाड कार्डे, खालच्या बाजूला भोक, त्यातून ओवलेली पितळी सळई, आणि ती ठेवायला लाकडी खणांचे कपाट. एका पुस्तकाची निदान तीन कार्डे: लेखकाचे, पुस्तकाच्या नावाचे आणि विषयाचे. ऐकायला सोपे वाटते. पण लेखक म्हणजे कोण, हा प्रश्न मराठीत भलताच अवघड आहे. आडनावाने लावायचे म्हटले तर ज्ञानेश्वरांचे आणि तुकारामांचे काय करणार? ते नावाखालीच. राम गणेश गडकरी यांची नाटके 'गडकरी'खाली, कविता 'गोविंदाग्रज'खाली, विनोद 'बाळकराम'खाली. तीन माणसे असावीत अशीच मुलांची समजूत. मग त्या तिघांची गाठ घालून देणारे वेगळे कार्ड करायचे, त्यावर फक्त नाव आणि 'पाहा' एवढाच शब्द: 'गोविंदाग्रज - पाहा: गडकरी, राम गणेश'. अशी 'पाहा' कार्डे लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, कारण माझे अक्षर बरे होते. कुसुमाग्रज म्हणजेच वि. वा. शिरवाडकर हे मला कोणत्याही शिक्षकाने सांगितलेले नाही. ते मी स्वतःच्या हाताने लिहिले तेव्हा मला कळले.

कार्डावर लेखकाच्या नावापुढे जन्मसाल लिहून एक आडवी रेघ मारायची आणि पुढची जागा मोकळी सोडायची, अशी सरांची शिस्त होती. हयात लेखक म्हणजे मोकळी जागा. १९७६च्या एप्रिलमध्ये चिं. त्र्यं. खानोलकर गेले. दुसऱ्या दिवशी सर वर्तमानपत्र घेऊन आले आणि काही न बोलता त्यांनी मला खण काढायला सांगितला. 'खानोलकर'ची दोन कार्डे आणि 'आरती प्रभू'ची दोन. चारही कार्डांवर १९३०च्या पुढे मी १९७६ लिहिले. एकाच माणसासाठी दोन खण उघडावे लागले. सेहेचाळीस वर्षे म्हणजे किती कमी, हे मला त्या वयात कळण्याचे काही कारण नव्हते. पण दुसऱ्या खणाशी जाताना काहीतरी वाटले होते खरे.

वर्गीकरण ड्यूईच्या पद्धतीचे. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले आणि प्रत्येकाला शंभर आकडे वाटून दिले: ५०० विज्ञान, ७०० कला, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल. वाटणीत डावे-उजवे झालेच. २०० म्हणजे धर्म. त्यातला बहुतेक भाग ख्रिस्ती धर्माने व्यापलेला, आणि जगातले बाकी सारे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने. हिंदू धर्म २९४.५. साहित्यात अमेरिकन आणि इंग्रजीला ऐसपैस ८१० आणि ८२०, मराठीला ८९१.४६, 'इतर भाषा' या अंगणात. ८९१.४६१ कविता, ८९१.४६२ नाटक, ८९१.४६३ कथा-कादंबरी. आमच्या शाळेत तीन कपाटे मराठी साहित्याची, आणि त्यातल्या प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर हा लांबलचक आकडा. किराणा दुकानवाल्याचा मुलगा म्हणाला, 'सर, जो माल जास्त खपतो त्याला आपण पुढचा डबा देतो. ह्यांनी मागं का टाकलंय?' सरांना तो प्रश्न इतका आवडला की त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना रंगनाथनांची गोष्ट सांगितली.

शियाळी रामामृत रंगनाथन मद्रासला गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ साली ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. नुसते बसून राहण्याचे ते काम त्यांना सोसेना. त्यांना प्रशिक्षणासाठी लंडनला पाठवले. तिथे ड्यूईची पद्धत पाहून त्यांचेही समाधान होईना. एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. त्याच त्याच पट्ट्या आणि स्क्रू, पण जोडाल तसे वेगळे यंत्र होते. विषयांचेही असे सुटे भाग करून ते जोडता आले तर? त्यातून १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध झाली. १९७२ साली रंगनाथन वारले, म्हणजे आम्हांला ही गोष्ट सांगितली त्याच्या अवघी तीन वर्षे आधी. सरांना त्यांची पद्धत फार प्रिय होती, पण शाळेत त्यांनी ती वापरली नाही. पाचवीच्या पोराला स्वल्पविराम आणि विसर्ग असलेला क्रमांक शोधायला लावणे म्हणजे त्याला हाकलणेच, असे ते म्हणत. उलट लहान मुलांच्या कपाटात त्यांनी आकडेच ठेवले नव्हते. गोष्टींना लाल पट्टी, चरित्रांना पिवळी, प्राणी-पक्ष्यांना हिरवी. ड्यूईबद्दल एक गोष्ट मात्र तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हती: स्त्रियांशी त्याचे वागणे आक्षेपार्ह होते आणि त्याची मते वंशद्वेषाची होती. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ मध्ये आपल्या पदकावरून त्याचे नाव काढून टाकले. आकडे मात्र राहिले.

'जागेवर नाही ते पुस्तक नाहीच,' असे सर म्हणत. दर शनिवारी आमच्यातल्या प्रत्येकाने एक कपाट वाचायचे असे. वाचायचे म्हणजे पुस्तके नव्हेत, कण्यांवरचे आकडे, डावीकडून उजवीकडे, बोट फिरवत. चुकीच्या जागी घुसलेले पुस्तक काढून जागेवर लावायचे. यात एक गंमत ध्यानात आली. काही पुस्तके दर आठवड्याला चुकीच्या जागीच सापडत, आणि तीही पार मागे, दुसऱ्या पुस्तकांच्या आड. मुले ती लपवून ठेवत. उद्या आपल्यालाच मिळावी म्हणून. आम्हांला वाटले, सर आता चिडणार. त्यांनी लपवलेल्या पुस्तकांची यादी करायला सांगितली आणि पुढच्या खरेदीत त्यातल्या प्रत्येकाची दुसरी प्रत मागवली.

देवघेवीच्या टेबलावर बसायला मिळाले ते दिवाळीनंतर. तिथे शिकायची गोष्ट वेगळीच होती. मुले येऊन जे मागतात ते त्यांना बहुधा नको असते. 'सर, निळं पुस्तक' म्हणणारा परवडला. 'इतिहासाचं काहीतरी' म्हणणाऱ्याला खरे तर उद्याच्या भाषणासाठी दोन वाक्ये हवी असतात. दोन-तीन प्रश्न विचारायचे, पण उलटतपासणी घेतल्यासारखे नाही. आणि 'कशाला हवंय?' असे तर कधीच विचारायचे नाही. हा शेवटचा नियम सर पुन्हा पुन्हा सांगत, आणि तो का, हे मला त्याच हिवाळ्यात कळले.

दहावीतली एक मुलगी आली. मधल्या सुट्टीत सगळे गेल्यावर आली. 'कायद्याचं पुस्तक आहे का?' मी ३४०चा खण दाखवला. तिथे होतीच किती, पाच-सहा. ती एकेक काढून चाळू लागली. मी दोन प्रश्न विचारले, तिने उत्तर दिले नाही. तेव्हा सर उठून आले आणि त्यांनी तिला एवढेच सांगितले की पुस्तकाच्या मागे विषयांची सूची असते, तिथे शब्द शोधायचा, सगळे पुस्तक वाचावे लागत नाही. मग ते मुद्दाम लांब जाऊन उभे राहिले. तिने सूचीत 'विवाह' शोधला. तिचे लग्न ठरत होते. मुलीचे लग्न कितव्या वर्षी करता येते, एवढेच तिला पाहायचे होते. आज कोणीही अठरा म्हणेल. १९७६ साली ते अठरा नव्हते. १९२९च्या शारदा कायद्यात मुलीसाठी चौदा होते, १९४९ साली पंधरा झाले, १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही पंधराच. अठरा झाले ते १९७८ साली. ती मुलगी पंधरा पूर्ण होऊन काही महिन्यांची होती. तिला उत्तर अचूक सापडले, आणि ते तिच्या काही उपयोगाचे नव्हते.

ती गेल्यावर मी सरांना म्हटले, 'आपण अठरा सांगितलं असतं तर? घरी जाऊन तिनं तसं सांगितलं असतं.' सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'अगं, पुस्तकात पंधरा आहे ना? मग पंधराच. ते खोटं सांगायला लागलो तर उद्या आपल्याकडं कोण येईल?' त्या संध्याकाळी ते तिच्या घरी गेले. ग्रंथपाल म्हणून त्यांचा तिथे काही अधिकार नव्हता, आणि काय बोलले तेही आम्हांला कधी कळले नाही. लग्न मोडले नाही. पण परीक्षेच्या आधी होणार होते ते परीक्षेनंतर, मे महिन्यात झाले. तिच्या नावावर असलेले पुस्तक तिच्या धाकट्या भावाने आणून दिले, मुदतीच्या दोन दिवस आधी. मी या प्रसंगाकडे तेव्हाही पराभव म्हणून पाहिले नाही आणि विजय म्हणून तर मुळीच नाही. तिला दहावीचे प्रमाणपत्र मिळाले असणार, एवढे मी धरून चालते.

त्याच उन्हाळ्यात साठा-पडताळणी झाली. नोंदवहीतला प्रत्येक क्रमांक आणि कपाटातले प्रत्येक पुस्तक यांचा मेळ घालायचा; एकाने क्रमांक पुकारायचा, दुसऱ्याने खूण करायची. खानोलकरांची कार्डे काढली ती याच कामाच्या मधे. शेवटी ४१ पुस्तके भरेनात. आम्ही सहाही जणांनी सुट्टीतले चार दिवस शोधाशोध केली. कपाटांच्या मागे पडलेली, शिक्षकांच्या खोलीतल्या खुर्चीला टेकू म्हणून लावलेली, प्रयोगशाळेतल्या कपाटात गेलेली, अशी २९ मिळाली. उरली बारा. संस्थेने ठरवले की बारा पुस्तकांची किंमत ग्रंथपालांच्या पगारातून तीन हप्त्यांत कापावी, आणि यापुढे कपाटांना कुलपे लावावीत. मुलांना यादीवरून पुस्तक मागता येईल, असे त्यात पुढे म्हटले होते. अर्ध्या पगारातून हप्ते गेले. कुलपे आली, ती सरांनी टेबलाच्या खणात ठेवली आणि कपाटे उघडीच राहू दिली. त्यांना त्याबद्दल पुढे कोणी विचारले की नाही, मला ठाऊक नाही.

मी छत्तीस-सदतीस वर्षे हिशेबाच्या धंद्यात काढली. शाखेत लाखांची कर्जे निर्लेखित होताना पाहिली, त्यासाठी छापील तक्ते भरले, सह्या केल्या. कोणत्याही व्यवहारात काही तूट येणार हे धरूनच चालावे लागते. शून्य तूट पाहिजे असेल तर दुकान बंद करावे. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत तर ग्रंथालयांसाठी ही तूट चक्क आकड्यांत लिहून ठेवली आहे: वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे वाजवी धरावे, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. आमची देवघेव वर्षाला सहा हजारांच्या आसपास होती. म्हणजे या मापाने तीस पुस्तके गेली असती तरी कोणी भुवई उंचावण्याचे कारण नव्हते. हा नियम खासगी संस्थांच्या शाळांना लागू नाही, हे मला कळते. पण हिशेब तर लागू व्हायला हरकत नसावी.

दहावीत गेल्यावरही मी ग्रंथालयात जात राहिले. १९७६ सालीच मराठी विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. विश्वकोशाचे काम लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली आमच्याच जिल्ह्यात, वाईला चाले. एसटीने तासाभराचा रस्ता. तो जाडजूड खंड शाळेत आला तेव्हा सरांनी केतकरांच्या ज्ञानकोशाचे जुने खंड खाली काढले आणि दोन्हींत एकच विषय शोधायला लावला. कोणते खरे, असे मी विचारले. साल बघ, म्हणाले. कुठलेही पुस्तक हातात घेतले की आधी प्रकाशनाचे साल बघायची ती सवय अजून सुटलेली नाही. कादंबरीसाठी जुनी गॅझेटियर चाळताना, किंवा नातवंडांनी भ्रमणध्वनीवर काढून दाखवलेला मजकूर वाचताना, मी आधी तेच विचारते, आणि बहुतेकदा ते तिथे नसते.

तालिकापत्रांचा जमाना आता संपला. अमेरिकेतल्या ज्या संस्थेकडून हजारो ग्रंथालये छापील कार्डे घेत, तिने शेवटचे कार्ड १ ऑक्टोबर २०१५ रोजी छापले. याबद्दल मला गळा काढावासा वाटत नाही. सळई ओढून कार्डे पुन्हा लावण्यात गेलेले दिवस ज्याने पाहिलेत तो संगणकाला नावे ठेवणार नाही. बँकेतही नमुना सह्यांची कार्डे अशीच अकारविल्हे असत, आणि एक कार्ड चुकून शेजारच्या खणात गेले की खातेदार काउंटरवर पाऊण तास ताटकळे. फक्त एवढेच की संगणकाला पुस्तकाचा क्रमांक ठाऊक असतो, ते खणात आहे की नाही हे ठाऊक नसते. तो 'उपलब्ध' म्हणतो आणि पुस्तक खुर्चीखाली टेकू म्हणून असते. शिवाय हवे ते पुस्तक शोधताना त्याच्या शेजारचे, न मागितलेले हाती लागते, ते पडद्यावर क्वचितच घडते. माझे निम्मे वाचन शेजारच्यांचेच आहे.

मला शाळांत बोलवतात ते बहुधा १५ ऑक्टोबरला, वाचनप्रेरणा दिनाला. पुस्तकांची मांडलेली टेबले असतात, फुले असतात, मुलांनी काढलेली चित्रे असतात. कार्यक्रम झाला की मी ग्रंथालय दाखवा म्हणते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची आणि गोष्टींचीही पुस्तके असावीत, असे लिहिले आहे. तेव्हा ग्रंथालय असतेच. किल्ली कोणाकडे आहे याची मात्र चौकशी सुरू होते. ती मिळते तेव्हा कपाटात छान पुस्तके असतात, इतकी नवी की कणा एकदाही वाकलेला नसतो. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. ज्याच्या सहीने पुस्तके ताब्यात घेतलेली असतात त्याच्या डोळ्यांपुढे मुले नसतात, पडताळणी असते. माझ्या सरांच्या पगारातले ते तीन हप्ते अजून फेडले जात आहेत असे मला अशा वेळी वाटते.

गेल्या वर्षी एका गावातल्या मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र कुलूप काढले. कार्यक्रमानंतर चहा घेताना मी त्यांना आमच्या सहा मुलांची हकिकत सांगितली होती, तेवढ्यावरून. शाळा लहान, पुस्तके तीनशे. आठवीतली चार मुले निवडली, दोन मुली, दोन मुलगे. मी दोनदा जाऊन आले. पुस्तक खणातून कसे काढायचे ते दाखवले, नोंदवही आखून दिली, गुप्त पान ठरवायला लावले. पट्ट्यांचे रंग मुलांनी स्वतः ठरवले. सहा महिन्यांत देवघेव हजाराच्या थोडी वर गेली, आणि सात पुस्तके हरवली. बाईंचा फोन आला: 'ताई, दोन जास्त गेलीत हो तुमच्या हिशेबापेक्षा.' मी म्हटले, आधी खुर्च्यांखाली पाहा. तीन सापडली. उरलेल्या चारांचे काय करायचे, हे शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावे लागणार आहे. एक सदस्य कपाटाला पुन्हा कुलूप लावा असे आत्ताच म्हणू लागले आहेत. मुलांनी चार पुस्तकांची नावे, क्रमांक आणि किमती एका कागदावर नीट लिहून काढल्या आहेत. एकूण रक्कम चारशे दहा रुपये. बैठक पुढच्या शनिवारी आहे. बाईंनी मलाही यायला सांगितले आहे, आणि येताना तो वित्तीय नियमांचा कागद घेऊन या, असेही.